बिनआवाजाची गाडी आणि पायी चालणारी माणसं

मुंबई-ठाण्याला नोकरीला असलेली मुलं सणावाराला विजेवरची गाडी घेऊन वाढवण, वरोर, चिंचणीला येऊ लागली आहेत. डहाणू आणि तलासरीतल्या कुटुंबांनीही अशा गाड्या घ्यायला सुरुवात केली आहे. त्यानंतर आमच्याकडे येणारे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. गाडी हळू चालवताना पुढून गुणगुणल्यासारखा आवाज येतो, तो बिघाड आहे का? तो बंद करता येतो का? हायब्रिड घेतली तर तिलाही हा आवाज असतो का? पायी चालणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो: मागून गाडी आलेली कळलीच नाही, धक्का लागला असता तर दोष कुणाचा धरला असता?

या प्रश्नांची उत्तरं एकत्र देण्याचा हा प्रयत्न आहे. गाडीचे मालक आणि वाटसरू, दोघांनीही हा लेख पूर्ण वाचावा.

तो आवाज बिघाड नाही

मोटरवर हळू चालणारी गाडी जवळजवळ आवाज करत नाही. वेग वाढला की टायर आणि वाऱ्याचा आवाज होतो आणि मग ती पेट्रोलच्या गाडीसारखीच ऐकू येते. अडचण सुरुवातीच्या टप्प्यात असते: गल्लीत, अंगणात, बाजारात, गाडी मागे घेताना. म्हणून गाडीच्या पुढच्या भागात, बहुधा बंपरच्या आत, एक स्पीकर बसवतात आणि तो कमी वेगात कृत्रिम आवाज काढतो. त्याचं पूर्ण नाव ‘अकॉस्टिक व्हेइकल अलर्टिंग सिस्टिम’, थोडक्यात ‘एव्हास’. ह्युंदाईसारखी कंपनी त्याला ‘व्हर्च्युअल इंजिन साउंड सिस्टिम’ म्हणते. काम तेच.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांतला १३८ क्रमांकाचा नियम यासाठीच आहे आणि तो २०१६ साली लागू झाला. त्यानुसार गाडी सुटल्यापासून ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि मागे घेताना आवाज यायला हवा. गाडीपासून २ मीटरवर मोजल्यास तो ताशी १० किलोमीटरला किमान ५० डेसिबल, २० किलोमीटरला किमान ५६ डेसिबल आणि मागे घेताना किमान ४७ डेसिबल असावा लागतो. वेगाबरोबर आवाजाची पट्टीही चढावी लागते, म्हणजे गाडी वेग घेते आहे की थांबते आहे हे न बघताही उमगतं. केवळ किणकिणता, चिरका आवाज चालत नाही, त्यात खालच्या पट्टीचा अंशही लागतो. वय वाढलं की आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे ही अट विशेष मोलाची आहे.

भारतातला नियम कुठपर्यंत आलाय

युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड मोटारीला हा आवाज बंधनकारक आहे. अमेरिकेतही नियम आहे आणि तिथे तो ताशी सुमारे ३० किलोमीटरपर्यंत लागू होतो. आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये नियमाचा मसुदा काढला. त्यातलं वेळापत्रक असं: नव्याने बाजारात येणाऱ्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२७ पासून ‘एआयएस-१७३’ या मानकाप्रमाणे आवाज असावा. प्रवासी मोटारी, बस आणि मालवाहू गाड्या त्यात येतात. दुचाकी आणि तीनचाकींचा त्या मसुद्यात समावेश नव्हता.

तुमच्यासाठी याचा अर्थ दोन गोष्टींपुरता आहे. आत्ता दारात असलेल्या गाडीला आवाज नसेल, तर तेवढ्याने ती बेकायदा ठरत नाही. आणि नवी गाडी घेणार असाल, तर नियमाच्या तारखेची वाट न बघता आवाज असलेलीच गाडी मागा. गाडी आठ-दहा वर्षं वापरायची असते.

तुमच्या गाडीत आहे का, ते असं तपासा

- गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत ‘एव्हास’, ‘पादचारी इशारा’ किंवा ‘व्हर्च्युअल साउंड’ असा मथळा शोधा. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.
- मॉडेलच्या नावावर जाऊ नका, तुमच्या व्हेरियंटचा तक्ता बघा. शेजाऱ्याच्या गाडीत आहे म्हणून तुमच्या स्वस्त व्हेरियंटमध्येही असेल असं नाही.
- उत्पादनाचा महिना बघा. मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला हा आवाज जुलै २०२३ मध्ये दिला गेला. त्याआधीची गाडी सेकंडहँड घेत असाल तर हे लक्षात ठेवा.
- शोरूममध्ये सेल्समनच्या शब्दावर न थांबता गाडी बाहेर काढायला लावा आणि स्वतः खाली उतरून ऐका. आत बसून, काचा बंद करून तो आवाज नीट कळत नाही.

हायब्रिडच्या बाबतीत बराच गोंधळ होतो. इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर किंवा होंडा सिटी यांची स्ट्राँग हायब्रिड गाडी कमी वेगात इंजिन बंद ठेवून निव्वळ मोटरवर चालू शकते, म्हणून तिच्याबाबत हा प्रश्न विचारायलाच हवा. ‘स्मार्ट’ किंवा ‘माइल्ड’ हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या चालताना इंजिनावरच चालतात, तिथे वेगळ्या आवाजाची गरज नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन सुरू झालं की कृत्रिम आवाज थांबू शकतो. तोही बिघाड नव्हे.

आणखी एक गैरसमज दूर करतो. गाडी मागे घेताना आत जो ‘टीं-टीं’ वाजतो, तो पार्किंग सेन्सर. २०१९ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे, पण तो चालकाला सावध करतो. गाडीमागे उभ्या असलेल्या माणसाला तो ऐकू येतोच असं नाही. ‘माझ्या गाडीत रिव्हर्सला वाजतं’ असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात हाच सेन्सर असतो.

घरच्या आवारात करायची चाचणी

दोघं जण पुरेत. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना आत ठेवा. एकाने कंपाउंडच्या पलीकडे किंवा गाडीच्या वाटेबाहेर, बाजूला दोन-तीन मीटरवर, गाडीकडे पाठ करून उभं राहावं. गाडीच्या वाटेत कुणीही उभं राहू नये. दुसऱ्याने गाडी माणसाच्या चालीने पुढे आणावी, थांबवावी, मग मागे घ्यावी. उभा असलेल्याने आवाज आला की हात वर करायचा.

हीच चाचणी दुपारी शांत वेळी आणि संध्याकाळी वारा सुटल्यावर करून बघा. फरक तुम्हालाच जाणवेल. मोबाइलवरच्या डेसिबल-ॲपचा आकडा अंदाजापुरता घ्या, त्यावरून कंपनीशी वाद घालू नका.

आवाज आधी येत होता आणि आता येत नाही, असं झालं तर पहिला संशय बंपरवर घ्या. बंपर काढून रंगवला असेल, छोटी धडक झाली असेल, पावसाळ्यात गाडी पाण्यातून गेली असेल, तर स्पीकरचा कनेक्टर सुटलेला किंवा गंजलेला असू शकतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत कनेक्टर लवकर गंजतात. बाहेरच्या गॅरेजमध्ये बंपरचं काम केलं असेल तर ‘सगळे कनेक्टर परत जोडले का’ हे विचारूनच पैसे द्या. वॉरंटीतल्या गाडीची तक्रार सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेली तक्रार पुढे कामाला येत नाही.

आपल्या रस्त्यांवर हा आवाज कुठे कमी पडतो

या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच, म्हणून तो सविस्तर लिहितो.

५६ डेसिबल म्हणजे साधारण बोलण्याचा आवाज, तोही २ मीटरवर. ज्या शहरांसाठी हे आकडे ठरले तिथे पायी चालणाऱ्याला फुटपाथ असतो. डहाणूहून बोर्डीकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता आठवा. एका बाजूला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसरीकडे चिकूच्या वाड्यांची कुंपणं, आणि चालायला डांबराची कड. भरती आणि वारा एकत्र आले की त्या गाजेत सौम्य गुणगुण ऐकू येणं कठीण. चिंचणी-वरोर-वाढवणच्या आतल्या रस्त्यांवर गाज थोडी दूर राहते, पण तिथे डायमेकरांच्या (डाय म्हणजे साचे घडवणाऱ्या कारागिरांच्या) घरांतून हातोडी आणि कानशीचा आवाज दिवसभर येत असतो. आत काम करणाऱ्याच्या कानाला त्याची सवय झालेली असते, आणि उंबऱ्याबाहेर लगेच रस्ता.

आता रस्त्यावर चालणारी बाई डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर मच्छीची पाटी किंवा लाकडाची मोळी आहे. एक हात पाटीला. मागे काही आहे का हे बघायला तिला मान वळवता येत नाही. वळायचं तर सगळं अंग वळवावं लागतं आणि तोल सांभाळावा लागतो. त्यामुळे ती कानावर भिस्त ठेवून चालते. टमटमचा आवाज आला की कडेला सरकते, डंपरचा आला की रस्ता सोडून मातीत उतरते. इतक्या वर्षांत कानाला लागलेलं हे वळण बिनआवाजाच्या गाडीसमोर निकामी ठरतं. शेजारून अचानक आरसा सरकला की ती दचकते, आणि दचकलेलं माणूस कुठल्या बाजूला पाऊल टाकेल ते सांगता येत नाही. अंध माणूस, कमी ऐकू येणारे आजी-आजोबा, पाड्यावरून शाळेत घोळक्याने जाणारी मुलं, संध्याकाळी अंधारात घरी परतणारे मजूर, सर्वांनाच कमी-अधिक हेच लागू आहे.

ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ च्या अपघातांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की सारख्याच अंतरामागे इलेक्ट्रिक आणि हायब्रिड मोटारींची पादचाऱ्यांना धडक बसण्याचं प्रमाण पेट्रोल-डिझेल मोटारींच्या जवळपास दुप्पट होतं, आणि हा धोका शहरी भागात अधिक होता. फुटपाथ असलेल्या देशातली ही स्थिती आहे.

म्हणून आवाज असलेली गाडी चालवत असलात तरी गावाच्या हद्दीत हे पाळा:

- पाठमोऱ्या माणसाला ओलांडताना वेग माणसाच्या चालीजवळ आणा आणि एक हात नव्हे, पूर्ण मीटर-दीड मीटर अंतर सोडा. तेवढी जागा नसेल तर मागे थांबा.
- हॉर्न द्यायचा तर लांबून, आखूड आणि एकदाच द्या. अगदी पाठीशी येऊन दिलेला हॉर्न माणसाला गाडीखाली ढकलू शकतो.
- डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला हॉर्न देऊन बाजूला व्हायला लावू नका. त्याच्या चालीने चला.
- काच थोडी उघडी ठेवा. बाहेर किती गोंगाट आहे हे कळलं, तर तुमची गाडी ऐकू जाते आहे की नाही याचाही अंदाज येतो.
- अंगणातून गाडी मागे घेताना घरातल्या एका मोठ्या माणसाने बाहेर उभं राहावं. मागे घेतानाचा किमान आवाज सर्वांत हलका ठेवलेला आहे, आणि लहान मुलं नेमकी अंगणातच खेळतात. कॅमेऱ्याला चाकाजवळ बसलेलं मूल दिसत नाही.

आवाज बंद करावा का?

काही गाड्यांत आवाज तात्पुरता थांबवण्याचं बटण किंवा सेटिंग असतं. ते वापरू नका, असाच आमचा सल्ला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात आधी अशा बटणाला परवानगी होती, पुढच्या सुधारणेत ती काढून टाकली. रात्री दहानंतर आळीत गाडी आणताना आवाजाचा संकोच वाटतो हे मान्य, पण आवाज सर्वांत गरजेचा असतो तो अंधारातच.

स्पीकरची वायर कापणं किंवा फ्यूज काढणं तर मुळीच नको. कंपनीने बसवलेल्या सुरक्षा यंत्रणेत फेरफार केलेली गाडी अपघातात सापडली, तर न्यायाधिकरणासमोर आणि विमा कंपनीसमोर तुमची बाजू लंगडी पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाजोगे बदल करण्यावर आधीच बंधनं आहेत.

बाजारातले तयार किट घेण्याआधी

आवाज नसलेल्या गाडीला बसवायला ऑनलाइन किट मिळतात, त्यांत दोन प्रकार दिसतात. एक साधा इशारा-आवाज देणारा. दुसरा रेसिंग गाडीचा किंवा बुलेटचा धडधडाट काढणारा. दुसरा घेऊच नका. कर्कश आणि एकामागून एक सूर काढणाऱ्या हॉर्नला केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ मनाई करतो, आणि आवाजाच्या मानकांचा भंग केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

पहिल्या प्रकाराबाबतही आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. त्यांच्याकडे अधिकृत ॲक्सेसरी असेल तर ती बसवा. नसेल तर रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग फोडून घेऊ नका. इलेक्ट्रिक गाडीत जास्त दाबाच्या तारा असतात, त्या साधारणपणे नारिंगी रंगाच्या आवरणात असतात आणि त्यांना हात लावणं जिवावर बेतू शकतं. शिवाय वॉरंटी जाते ती वेगळीच.

माहितीपत्रकात आवाजाची सोय छापली आहे आणि तुमच्या हातात आलेल्या गाडीत ती नाही, असं झालं तर माहितीपत्रक, बिल आणि व्हेरियंटचा तक्ता जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं तर दोन वर्षांच्या आत जा.

पायी चालणाऱ्यांनी काय ओळखावं

निव्वळ विजेवरच्या गाडीची नंबरप्लेट हिरवी असते. खासगी असेल तर अक्षरं पांढरी, भाड्याची असेल तर पिवळी. उभ्या गाडीसमोरून किंवा मागून जाताना हिरवी प्लेट दिसली तर ‘इंजिन बंद आहे’ असं समजू नका, ती त्याच क्षणी सुटू शकते. आत चालक बसलेला आहे का ते बघा. मुलांनाही हेच शिकवा. मात्र हायब्रिडची प्लेट नेहमीच्या गाडीसारखीच असते, म्हणून केवळ रंगावर विसंबू नका. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बाबतीत तर आवाजाची अपेक्षाच ठेवू नका.

फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. डोक्यावर ओझं असेल तेव्हा तर नक्कीच. मोबाइलचे इअरफोन निदान एका कानातून काढा.

धक्का लागलाच तर

‘मला गाडी ऐकू आली नाही’ हा तुमचा गुन्हा नाही. समोरच्या माणसाला सांभाळून गाडी नेण्याची जबाबदारी चालकाची आहे आणि गाडीत आवाजाची सोय आहे की नाही यावर ती कमी-जास्त होत नाही. चालक वा त्याचे नातेवाईक जागेवरच हजार-दोन हजार हातावर ठेवून मिटवायला बघतील. दुखापत आतली असू शकते. आधी डॉक्टर, मग बाकीचं.

- मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. जखमीला दवाखान्यात पोचवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचं कर्तव्य आहे. मदत करणाऱ्या तिसऱ्या माणसाला पोलीस किंवा दवाखाना त्रास देऊ शकत नाही, कलम १३४-अ त्याला संरक्षण देतं.
- केंद्र सरकारच्या मे २०२५ च्या योजनेत रस्ते-अपघातातल्या जखमीला नोंदणीकृत रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोखरहित उपचार मिळतात. आपल्याकडून रुग्णाला पुष्कळदा वापी किंवा सिल्वासाला हलवतात. योजना देशभराची आहे. रुग्णालय त्यात आहे का हे दाखल करतानाच विचारा आणि पोलिसांत नोंद झाल्याची खात्री करा.
- गाडीचा नंबर, जागा, वेळ आणि साक्षीदार टिपून ठेवा. गाडी विजेवरची किंवा हायब्रिड होती आणि तिचा आवाज येत नव्हता, हे जबाबात आवर्जून लिहायला सांगा. पुढे गाडीची तपासणी होते तेव्हा त्याचा उपयोग होतो.
- कलम १६४ नुसार चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. कमावत्या माणसाला कायमचं अपंगत्व आलं असेल तर सही करण्याआधी वकिलाला विचाराच.
- कलम १६६ चा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करा. तुम्ही जिथे राहता त्या हद्दीतही तो करता येतो, मुंबईच्या गाडीसाठी मुंबईला खेटे घालायची गरज नाही.
- गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांची भरपाई आहे. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात होतो.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून दावा सोडू नका. अनुसूचित जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, मुलं आणि अपंग यांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे, म्हणजे डहाणू-तलासरीतल्या बहुसंख्य लोकांना. १५१०० वर फोन करा किंवा डहाणूच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे जा.

ग्रामसभेत मांडायचा मुद्दा

वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. बंदराला आपल्या भागातून असलेला विरोध सर्वांना ठाऊक आहे आणि त्याची कारणं मोठी आहेत, हा लेख त्यासाठी नाही. पण या बंदरात ७४ टक्के वाटा असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाने २०२५ मध्ये न्हावा-शेव्याला विजेवरचे ट्रक आणायला सुरुवात केली आहे. तसे ट्रक उद्या इकडे आले तर धूर नसेल, हे चांगलंच. मात्र ते गावातल्या रस्त्यांवरून बिनआवाजाचे फिरू नयेत, हे आजच लेखी मागायला हवं.

ग्रामसभेच्या ठरावात तीन गोष्टी घाला: प्रकल्पाच्या कंत्राटदारांच्या प्रत्येक इलेक्ट्रिक वाहनाला एआयएस-१७३ प्रमाणे आवाज असावा, तोही मसुद्यातली तारीख येण्याची वाट न बघता; शाळा, मच्छीबाजार आणि बंदराकडे जाणाऱ्या वाटांवर वेगमर्यादेच्या पाट्या आणि गतिरोधक असावेत, आणि रस्ता रुंद करताना चालण्यासाठी कडेची पट्टी आधी आखावी. ठरावाची प्रत तहसीलदार, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि परिवहन कार्यालयाला द्या आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या.